तेरावा महिना

पत्रात आतो वुब्शेत यांनी सगळं खरं लिहिलंय,
अडचण तीच आहे.

‘वर्कनेश हिने आमच्या चष्म्याच्या दुकानात
मेस्केरेम २००६ पासून पागुमे ४, २०११ पर्यंत
काचा घासल्या, फ्रेमी बसवल्या,
गिऱ्हाइकांशी गोड बोलली.’
खाली सही, जांभळा शिक्का,
शिक्क्यात अर्धवट उठलेला चष्मा.

अर्जात मी लिहिलंय : २०१३ ते २०१९.
इथल्या सरकारच्या हिशेबाने तेही खरंच.
आमचं साल सात-आठ वर्षं मागून चालतं
आणि त्याला महिने तेरा;
शेवटचा पाच-सहा दिवसांचा, चिमूटभर.
तेरावा महिना आमच्याकडे दरसाल येतो,
दुष्काळ असो नसो.
फॉर्मच्या चौकटीत मात्र बाराच मावतात.

खुलासा जोडलाय. भाषांतर, नोटरीचं शपथपत्र.
तरी सुट्टीच्या रात्री दोनला जाग येते :
कुणीतरी कॉफी पीत पीत
दोन कागद शेजारी शेजारी ठेवतंय,
भुवई उचलतंय.
सात वर्षांची थाप मारायचीच असती
तर अशी ढळढळीत मारली असती का मी?
पण भुवईला कोण विचारणार.

आणि दुकान तरी कुठे उरलंय.
त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकतात.
पत्रावरचा नंबर आतोंच्या खिशातला.
वय एक्क्याऐंशी, डावा कान गेलेला.
त्यांची लेक हिरुत सांगते,
बाबा फोन उशाशी घेऊन झोपतात.
अनोळखी नंबर दिसला की उठून बसतात,
घसा खाकरून इंग्रजीत सुरू होतात :
‘येस सर. शी वर्क्ड हिअर.’
परवा विमा विकणाऱ्या एका मुलीला
दहा मिनिटं माझ्याबद्दल सांगितलं म्हणे.
विमा घेतला नाही.

माझी रात्रपाळी रेजायनाच्या वृद्धाश्रमात.
इथे मध्यरात्र, म्हणजे अदिसला सकाळचे नऊ,
म्हणजे आमच्या घड्याळात तीन;
आम्ही उजाडल्यापासून मोजतो,
अंधारातून कशाला सुरुवात करायची.

काल माझ्या मोबाईलने मान टाकलेली.
टेबलावरच्या फोनवरून आतोंना लावला,
नुसतं विचारायला, की आला होता का कुणाचा.
पहिल्याच घंटेला : ‘येस सर.’

मी आहे, असं सांगायला हवं होतं.
नाही सांगितलं.

त्यांनी माझी सहा वर्षं एकेक करून पुढे ठेवली.
कधी उशीर नाही, सर.
हिशेबात सांटिम इकडचा तिकडे नाही.
एकदाच भिंग फुटलं, एका शाळामास्तरांचं.
तिने पगारातून भरून दिलं.
मी ते पैसे मेस्केलच्या सणाला
तिच्या पाकिटात परत घातले.
तिला माहीत नाही. लिहू नका, सर.

त्या साली चाळीस बिर जास्त निघाले होते.
मालकाची मोजण्यात चूक झाली असं समजून
मी आठवडाभर गप्प बसले होते.
मग त्यांतून बूट घेतले.

पलीकडे थोडी खरखर.
त्यांचं इंग्रजी संपलं असावं;
ऑफिसरला कळेल की नाही याची पर्वा न करता
ते हळूच अम्हारिकमध्ये म्हणाले :
‘तिकडे थंडी फार ना?
जेवते का ती वेळेवर?’

काचेबाहेर उणे एकतीस.
डब्यातली इन्जेरा अजून तशीच होती.
मी आवाज जाड केला
आणि सरकारी इंग्रजीत म्हणाले,
‘प्रकरण विचाराधीन आहे.’

‘थँक्यू, सर.’

फोन आधी कुणी ठेवायचा ते न कळून
आम्ही दोघंही थांबून राहिलो,
तेवढ्यात चौदा नंबरच्या खोलीची घंटा वाजली.